धुतलेली जमीन

इजिप्तमधील बुरुल्लुस सरोवराकाठची जमीन खारट, आणि खारट जमिनीस धुतल्यावाचून पीक नाही, हा तेथील परंपरागत नियम. बीट निघाले की भातापूर्वी कालव्याचे पाणी शेतात तुडुंब भरावे व मीठ खाली जिरू द्यावे, हेच ते धुणे.

रिफाअत हा तेथल्याच एका गावचा सुपुत्र. पिकावर फवारलेले औषध मातीत किती खोल उतरते व केव्हा कुजून निर्विष होते, याचे गणित तो संगणकावर मांडीत असे. गतवर्षी त्याने छातीठोकपणे सांगितले होते, की औषध वरच्या थरातच विरेल. हापशाचे पाणी खुशाल प्या. आता तपासणीत त्याच पाण्यात औषध सापडले होते. विषण्ण अंतःकरणाने तो मुतवल्ली नावाच्या वृद्ध शेतकऱ्याच्या बांधावर उभा राहिला.

"अम्म मुतवल्ली, काका, पाणी किती वेळा दिलं, असं विचारलं होतं ना मी? भाताआधी शेत भरलं, ते का नाही सांगितलंत?"

"ते पाणी देणं कुठाय, बाशमुहंदिस, इंजिनीअरसाहेब? ते धुणं! भाकरीला पाणी किती लागलं विचारलं, तर बायको भांडी घासल्याचं मोजते होय?" म्हातारा खदखदून हसला. "शिकून शिकून मीठ विसरलास काय?"

तो विसरला नव्हता. बालपणी त्या धुण्यात तो डुंबला होता. तथापि गणित मांडताना त्याच्याही मनात ते पाणी 'पाणी' म्हणून आलेच नाही.

धुणे धरून त्याने गणित पुनश्च मांडले. औषध मुळांखाली पार उतरले होते, जेथे हवा नाही, किडामुंगी नाही, कुजणे नाही. धुतले तर विष खाली, न धुतले तर मीठ वर. खाली गेलेले तर त्याच्या आईच्या हयातीत सरणारे नव्हते.

आई हापशावरच होती. मागे बायकांची रांग.

"आई, हे पाणी पिऊ नकोस."

"सलवा म्हणत होती, वास येतोय. म्हटलं, गप गं! माझ्या लेकानं हिशेब केलाय."

"हिशेब चुकला माझा."

आईने डोळे मिचकावले. "ऐकलंत का गं? नजर लागू नये म्हणून असं बोलतोय. माशाअल्लाह!"

"आई, खरंच चुकला! विष आहे त्यात!" तो ओरडला.

"आमचा थोरला डॉक्टर आहे ना, तोही असंच म्हणतो, मला काही येत नाही म्हणून," रांगेतली सलवा म्हणाली, आणि बायका हसल्या.

आईने भरलेला वाडगा त्याच्या हाती दिला. "आधी घोटभर पी, राजा. ऊन लागलंय तुला."

तो वाडगा धरून उभा राहिला. सलवाने आपली कळशी पुढे सरकवून हापशाचा दांडा धरला.