डागनीच्या नाकातली नथ

मित्रांनो, मी एक जुनी डागनी हाय, एवढं मले पक्कं माहीत हाय. त्याच्या पुढचं इचारलं त माहाच गोंधळ होते.

तांब्याचं नाक, पोटात तापनारी तार, लाकडाची मूठ अन् शेपटासारखी लोंबती वायर. लाईट लावली का नाक तापते, नाकावर कथील पघळते अन् दोन तारा एकमेकीले चिकटून बसतात. हेच माहं काम. पन ते काम कोनत्या घरी, कोनत्या तारेले, हे कारखान्यात मले कोनी सांगतलं नाही. खोक्यात घातलं अन् मी खामगावले भाऊरावच्या दुकानात येऊन पडली.

तिथं माह्या शेजारी दुसरी एक डागनी होती, बोरूवानी बारीक नाकाची. किंमत दोघींची सारखीच. एक दिवस नीळकंठबाबू आला. धामनगाव बढ्याच्या पोस्टात होता तो. वर्तमानपत्रात चित्र पाहून पाहून त्याले रेडिओ जोडाचा नाद लागला होता. त्यानं एका हातात मले घेतलं, दुसऱ्या हातात तिले, अन् तोललं. दूध तापवाचा पितळेचा गंज घेताना तोलतात ना, तसं.

"हे भारी भरते," म्हने.

"बाबूजी, ते भारीवाली पत्र्याच्या डब्याले लागते," भाऊराव म्हने. "तुमाले रेडिओ जोडाचा हाय त बारीक न्या."

"बारीक नेली त माय म्हनन, तेवढ्याच पैशात काडी आनली काय बे?"

भाऊराव हासला. "मंग हा ट्रान्झिस्टर एक जास्तीचा घेऊन ठेवा. तुमाले लागनच."

ट्रान्झिस्टर म्हंजे तीन पायाचा, वटान्याच्या दान्याएवढा जीव. रेडिओचा आवाज त्याच्याच्यानं मोठा होते. दोन दाने, कथील, राळ अन् मी, असं सारं एका पिशवीत बसून धामनगावले गेलं.

घरी गेल्यावर समजलं का घाई कायची होती ते. नीळकंठची माय, पुष्पाबाई, भुलाबाईचे गाने म्हने. उन्हाळ्यात नागपूरच्या रेडिओची मानसं आले होते, त्यायनं मशिनीत तिचा आवाज भरून नेला अन् सांगतलं, कोजागिरीच्या दिवशी संध्याकाळी लावू. एकच खेप. गावात रेडिओ होता, पन तो पंचायतीत, बाप्यांच्या बैठकीत. तिथं बाया जात नसत. पुष्पाबाई रोज दिवाबत्ती झाली का इचारे, "झाला काय रे तुहा रेडिओ?"

"होते माय, होते."

झाला नाही. नीळकंठनं मले तापवलं, बारक्या दान्याच्या पायाले टेकवलं. मी आपली मनापासून तापली. दाना मुका झाला तो झालाच. नीळकंठनं तारा तपासल्या, सेल बदलले, कान लावला. काही नाही.

"माहं काय चुकलं?" मी मनातल्या मनात इचारलं. जेवढी ऊब देता येते तेवढी देली होती मी.

दुसऱ्या दिवशी शेजारची झुंबरबाई घासलेटाची गळकी चिमनी घेऊन आली. नीळकंठनं तिचं बूड डागून देलं. थेंब गळला नाही. मंग कोनाचा तेलाचा डबा, कोनाची चाळनी. "काय डागनी हाय बाप्पा," झुंबरबाई म्हने. अन् नीळकंठ माह्याकडं असा पाहे का जशी मी त्याची वैरीन हाय. आता तुमीच सांगा मित्रांनो, मी चांगली का खराब?

कोजागिरीच्या सकाळी एकच दाना उरला होता. नीळकंठ मले हातात घेऊन नुसता बसला. पुष्पाबाई चुलीपाशी दूध तापवत होती.

"काऊन थांबला?"

"हा बी जळन माय. हे लयच तापते."

"मंग एवढं थोबाड कायले लावतं त्याले? गंजानं वाटीत दूध वततो का मी? पळी घेतो ना."

नीळकंठ तसाच उठला. घरात लाईट नवीनच आली होती, तिच्या फिटिंगची उरलेली तांब्याची तार कोनाड्यात पडली होती. ते त्यानं माह्या नाकाले घट्ट येटाळली अन् शेंडा बोटभर पुढं काढला.

"नथ घातली व माय हिले," झुंबरबाई दारातून म्हने.

मले काही समजेना. मी तापली, पन ऊब त्या तारेच्या टोकातून निंगे, थोडी थोडी. नीळकंठनं दान्याचा पाय चिमट्यात धरला, राळ लावली, टोक टेकवलं अन् झटकन उचललं. काम तारेनं केलं का मी केलं? आजवर मले सांगता येत नाही.

रेडिओ खरखरला. मंग बोलला.

संध्याकाळी बाया जमल्या. दूध आटत होतं. गानं लागलं. पुष्पाबाई डोये बारीक करून आयकून राह्यली होती.

"कोन हाय वो हे बाई?" तिनं इचारलं.

"तुमीच आहा ना आत्याबाई," झुंबरबाई म्हने.

"नाही व. गानं माहं हाय. आवाज दुसरीचा हाय."

नीळकंठचं तोंड उतरलं. एवढ्यात गान्याच्या मधातच बांगड्या वाजल्या, खळ्ळकन. पुष्पाबाईचा हात आपोआप मनगटावर गेला.

"थांबा," ते म्हने. "ह्या बांगड्या माह्या हायत. तिथं हात वर करतो मी."

मंग तिनं पदर तोंडाले लावला अन् गानं सरेपर्यंत काढला नाही. कढईतलं दूध खाली लागलं. कोनी उठलं नाही.

मंग नीळकंठची बदली झाली, दुकानातून तयार रेडिओ आले. मी पत्र्याच्या पेटीत गेली. तापवून तशीच ठेवली कोनी, नाक पुसलं नाही, त्याच्यानं काळी पडली. मूठ हालते.

मित्रांनो, डागनी घ्याची असंन त हातात तोलू नका. जोडाचं काय हाय, ते आधी सांगा. काम झालं का ओल्या फडक्यानं नाक पुसा, लाईट काढा, जाळीवर ठेवा. अन् मले कधी भंगारात घातलं त घाला, माही ना नाही. फक्त नाकातली ते तार सोडवू नका. बांगड्या वाजल्या नसत्या त पुष्पाबाईनं सोताले वळखलं नसतं. ते तार गेली त मले मी कशी वळखू येईन?