पोसलेले ठिपके

तपासनीस बाईंनी काचेची बशी उजेडात धरली आणि त्यांचं तोंड कडू झालं. बशीभर ठिपकेच ठिपके!

औषधात चुकून उरणारी रसायनं माणसाच्या जनुकांत ढवळाढवळ करतील का, हे ठरवणं बाईंचं काम. त्यासाठी त्या जंतू राबवत. हे जंतू पक्के परावलंबी. हिस्टिडीन नावाचं पोषण त्यांना स्वतः बनवता येत नाही, आणि बशीत ते चवीपुरतंच घातलेलं. ज्याचं जनुक बदललं, तोच ते बनवायला शिकतो, वाढतो आणि ठिपका होऊन दिसतो. ठिपके फार झाले, की रसायनाची खैर नाही.

या खेपेचं रसायन म्हणजे मास्तरांच्या नव्या इंजेक्शनात उरणारा, मूळ औषधाचाच एक तुटका तुकडा. मास्तर म्हणजे ते औषध घडवणारे वयस्कर रसायनतज्ज्ञ. समजलेलंही पुन्हा समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. स्नायू दुबळे होत जाणाऱ्या मुलांसाठी ते औषध होतं आणि सोमवारी पहिल्या मुलांना टोचायचं ठरलं होतं. बाईंनी ‘घातक’ लिहिलं, की सोमवारही गेला आणि औषधही.

“तुमचे जंतू नाटकी आहेत!” मास्तर कडाडले. “त्यांना शिंक आली तरी तुम्ही माझं औषध बंद कराल!”

“जंतू असतील नाटकी, मी नाही,” असं सुनावून बाई घरी आल्या खऱ्या, पण जिवाला चैन नव्हतं. त्या मुलांचा विचार डोक्यातून जाईना.

जेवताना सासूबाईंचं धाकट्या लेकाचं कौतुक चाललं होतं. तो दोन महिन्यांपासून बाईंच्याच घरी राहायला होता. “इथं आल्यापासून किती बदललाय गं! रोज वेळेवर घरी येतो.”

“बदललाय कसला?” सासरे म्हणाले. “गरम जेवण मिळतंय, म्हणून येतोय. चार दिवस याचं ताट बंद कर, मग बघू किती बदललाय ते.”

भाऊजींनी निर्लज्जपणे ताट पुढे केलं. बाईंचा घास मात्र हातातच राहिला.

सकाळी त्यांनी बशी पुन्हा पाहिली. ठिपक्यांखाली एरवी न बदललेल्या, अर्धपोटी जंतूंचं पुसट धुकं असतं. इथे चक्क साय धरली होती. त्या तुटक्या तुकड्यातच हिस्टिडीन होतं की! जंतू बदलले नव्हते, फुकटचं खाऊन सुटले होते.

हे ऐकून मास्तर नाचायचेच बाकी राहिले. “मग लिहा ना निर्धोक!”

“सुचलं म्हणजे सिद्ध झालं का?” बाईंनी त्यातले काही ठिपके उचलून हिस्टिडीनचा कणही नसलेल्या बशीत सोडले. “दोन दिवस दम धरा.”

दम कसला धरतायत! दर तासाला मास्तरांचं डोकं दारात.

शुक्रवारी बशी जवळजवळ कोरी निघाली. एक-दोन ठिपके होते. तेवढे तर कुठल्याही रसायनाशिवाय आपोआपच उगवतात. “जेवण तोडलं आणि मंडळी आडवी झाली, मास्तर!”

 मास्तर स्टुलावर बसून बशी फिरवत राहिले.

“बाई, न उचललेल्या खादाडांच्या गर्दीत एखादा खरंच बदललेला लपला असेल तर?”

बाईंनाही रात्रभर हेच छळत होतं, पण सांगायचा धीर होत नव्हता. “असू शकतो. जंतू आधी तुमच्या तुकड्यात भिजवायचे, मग स्वच्छ धुऊन बशीत घालायचे. म्हणजे खायला काही उरत नाही, खरं काय ते कळतं. पण सोमवार हुकेल.” आणि त्या कंबर कसून भांडायच्या तयारीत उभ्या राहिल्या.

मास्तरांनी फोन काढून कंपनीच्या साहेबांना लावला.

“सोमवारचं पुढे ढकला... नाही हो, बाई नाही अडवत. मीच सांगतोय. लेकरांना टोचायचंय, साहेब.”

भांडायची सगळी तयारी वाया गेली आणि बाईंना एकदम भरून आलं.