बघत होते, तरी दिसलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांब पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. जी बाजू उंच, तिकडे बुडबुडा पळतो. एवढंच मला येतं. कारखान्यातून निघाले ती थेट फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या पिशवीत आले, त्याला वीस वर्षं झाली. "माझी पाणसळ खोटं बोलत नाही," असं ते चारचौघांत सांगत. मला भारी वाटायचं, खोटं कशाला सांगू?

पण परवा जे झालं, ते मला अजून उमगलेलं नाही.

गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या बाथरूममध्ये काम होतं. बाई काठी टेकत चालतात. पाणी साचलं तर घसरून हाडंच मोडायची. म्हणून दाराकडे उंच आणि जाळीकडे उतार हवा होता. मिस्त्री मला फरशीवर ठेवून टक लावून बघत. बुडबुडा मात्र उलटा, जाळीकडे पळत होता. मी आपली दाखवतेय, दाखवतेय, आणि हे खुशाल पुढची फरशी बसवतायत. मध्येच म्हणाले, "दादा, मग आईनं जायचं कुठं? तूच सांग." मला आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं. मी बावचळले. कुणाची आई? मला कसं ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी बाईंनी बादली ओतली. पाणी जाळीकडे पाठ फिरवून सरळ खोलीत आलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. "पाणसळ बिघडली, बाई. जुनी झालीय," म्हणाले आणि मला राडारोड्याच्या पोत्यात टाकलं. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मला ते खरं वाटू लागलं. माझाच बुडबुडा फितूर झाला असेल का?

बाईंनी वाकून मला उचललं आणि टेबलावर ठेवलं. बुडबुडा खिडकीकडे गेला. मग त्यांनी माझ्या दोन्ही टोकांची अदलाबदल करून मला तिथंच ठेवलं. तो पुन्हा खिडकीकडेच गेला.

"हिच्यात खोट नाही, मिस्त्री. खोट असती तर बुडबुडा हिच्या टोकाबरोबर फिरला असता. टेबल तिरकं आहे," बाई म्हणाल्या. "काल काम करताना आईचं काहीतरी पुटपुटत होतात. कुठं असते तुमची आई?"

मिस्त्री बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "थोरल्या भावाकडं. एक तारखेपासून ठेवणार नाही म्हणतो. चार दिवस डोक्यात त्याच्याशी भांडतोय. प्रत्यक्षात एक शब्द बोललो नाही."

"मग आधी बोलून घ्या. फरशी नंतर उखडा."

ते गॅलरीत जाऊन फोनवर बराच वेळ बोलले. काय ठरलं ते मला ऐकू आलं नाही. डोळे पुसत आले आणि सगळी फरशी उखडली. सिमेंटचा नवीन माल पसरून पहिली फरशी ठेवली, तिच्यावर मला. बुडबुडा पुन्हा जाळीकडे गेला. मिस्त्री थांबले. "हां, दिसलं," म्हणाले आणि ती कड हलकेच ठोकून खाली घेतली.

मित्रांनो, अवजारं धुऊनपुसून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण डोळे समोर ठेवून माणूस निघून कुठं जातो, हे काही केल्या मला कळत नाही. तुम्हालाही कधी असं जावं लागलं, तर खुशाल जा. फक्त तेवढा वेळ हातातलं काम खाली ठेवा, त्या फरशीवर उद्या कुणीतरी काठी टेकणार आहे.