ऐंशी किलो जास्त

त्यांना सगळे काटेमास्तरच म्हणत. विमानतळ म्हणजे तरी काय हो, एक धावपट्टी, पत्र्याच्या छताची खोली आणि खोलीत वजनकाटा. विमान बारा जणांचं. एवढ्याशा विमानात माणूससुद्धा सामानासारखा तोलून घ्यावा लागतो, आणि हे काम मास्तर एकोणीस वर्षं करत होते. बायकांचं वजन मोठ्यानं वाचायचं नाही, एवढी सभ्यता त्यांनी पाळली होती.

पलीकडच्या गावचा विमानतळ दोनशे किलोमीटरवर. उडालं की पाऊण तासात टेकलं. रस्त्यानं जायचं तर डोंगराला वळसा, अकरा तास आणि हाडं खिळखिळी. त्या गावात मास्तरांची ताई राहायची. आईमागे तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. "पाऊण तासावर तर आहे, जाऊ कधीही," असं म्हणत मास्तरांनी सहा वर्षं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. जवळच्या माणसाचं मेलं असंच होतं!

त्या दिवशी सकाळी भाचीचा फोन आला. "मामा, डॉक्टरांनी हात टेकले. संध्याकाळपर्यंतच, म्हणाले. आई सारखी तुला विचारतेय."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारच्या विमानात एकच जागा उरली होती. ती त्यांनी नोकरीतल्या फुकट पासावर घेतली, येतो म्हणून भाचीला कळवलं, पिशवी भरली आणि स्वतःच काट्यावर चढले. पिशवीसकट ऐंशी किलो.

उडायच्या जरा आधी कॅप्टन हवामानाचा कागद घेऊन आला. "मास्तर, समोरून जोराचा वारा आहे. तासाच्या वर लागेल. ऐंशी किलो इंधन जास्त घेतोय, तेवढं वजन उतरवा."

फुकट पासवाला आधी उतरतो, हा नियम. याच नियमानं मास्तरांनी आजवर कितीजणांना खाली ठेवलं होतं. कोणी हातापाया पडलं तरी ते बधले नव्हते. आज बाकी अकरा जणांच्या वजनातून प्रत्येकी सात-आठ किलो खाल्ले असते, तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण खोटा आकडा लिहायला हात धजेना. त्यांनी आपल्याच नावावर रेघ मारली.

"अहो, कोणाला विचारा तरी," कॅप्टन म्हणाला. "देईल कोणीतरी जागा."

"नियम आहे," मास्तर म्हणाले. दुसऱ्याला 'उतरा' म्हणण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःसाठी कोणाकडे काही मागायला त्यांची जीभ रेटली नाही. तिथंच चुकलं!

विमान गेलं. मास्तर एकटेच बाकड्यावर बसून राहिले. पन्नास मिनिटंही झाली नसतील, तोच पलीकडून कॅप्टनचा निरोप आला. डोंगर ओलांडल्यावर वारा पडला, नेहमीच्याच वेळेत उतरलो, जास्तीचं इंधन तसंच टाकीत आहे.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि त्या रिकाम्या खोलीत लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. समजूत घालायला कोणी नव्हतं.

मग फोन वाजला. भाचीच होती.

"मामा, विमान उतरल्याचा आवाज आला ना, तसे आईनं डोळे उघडले! दार सताड उघडं ठेवायला लावलंय तिनं. किती लांब आहेस?"

मास्तरांनी बाहीनं डोळे पुसले.

"दार लावून घे, बाळा," ते म्हणाले. "मी इथंच आहे."