ट्रॉलीखालची ओल

मुंबईत काही वर्षं नळजोडणीचं काम केलेल्या माणसाला जगातलं प्रत्येक दुखणं वायसरचं वाटतं. धनाजीचं तसंच होतं. आईनं पाणी प्यायचं सोडलं, तेव्हा त्याच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की संडास बदलला पाहिजे.

मेंढरांच्या वाड्यात संडास कुठला, असं कुणीही विचारील. वाडा म्हणजे काही चिरेबंदी नव्हे. मेंढरं, कुत्री, कोंबड्या आणि बिऱ्हाड मिळून जे चालतं, त्याला धनगर वाडा म्हणतात. दिवाळी झाली की माण तालुक्यातल्या माळावर गवताची काडी राहत नाही. मग धनाजीचा वाडा कृष्णाकाठी सांगलीकडं उतरायचा. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात शेतकरी मेंढरं बसवून घ्यायचे, कारण लेंडीखतासारखं दुसरं खत नाही. पूर्वी बिऱ्हाड घोड्यावर असायचं. आता घोडं जाऊन पिकअप आली होती, आणि तिच्यामागं पत्र्याचं छप्पर आणि बारकी खिडकी असलेली एक छोटी ट्रॉली. या ट्रॉलीत पिठाचे डबे, जपावी लागणारी कोवळी कोकरं, टोपलीतला बिरोबा आणि धनाजीची आई धोंडुबाई अशी सगळी एकत्र नांदत होती.

धोंडुबाईनं ही वाट जन्मभर पायांनी तुडवली होती. पण गेल्या उन्हाळ्यात ती ओढ्याच्या काठावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी बसवली, तरी वॉकर धरून ट्रॉलीच्या दारापर्यंत येणं, एवढीच आता तिची मजल होती. धाकटा भाऊ दिग्विजय मुंबईहून फोन करकरून सांगत होता, आईला माझ्याकडं पाठव. त्याची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवली की म्हातारी खाली येणार ती खांद्यावरूनच, हे सगळ्यांना दिसत होतं. धोंडुबाईनं तर सरळ सांगितलं होतं, की मला मेंढरांच्या वासात मरू दे. म्हणून धनाजीनं तिला बरोबर घेतली, आणि ट्रॉलीच्या कोपऱ्यात पडदा लावून, प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून, खाली बादली ठेवून तिची सोय केली.

मार्गशीर्षात तिला थंडी वाजून ताप भरला. सांगलीतल्या विश्रामबागच्या दवाखान्यात नेलं, सलाइनवर ठेवलं. डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलणारी होती, पण बोलली ते स्पष्ट. लघवीची जागा सुजलीय, मूत्रपिंडापर्यंत गेलंय, आजी पाणीच पीत नाहीत. दिवसभर पाणी पोटात गेलं पाहिजे. पुन्हा असं झालं तर रानात ठेवता येणार नाही, दवाखाना जवळ असेल अशा घरात ठेवा. अशा घराचा अर्थ धनाजीला बरोबर कळला. चौथा मजला.

आता, वाड्यावरच्या बायकांना पाणी कमी प्यायला कुणी शिकवावं लागत नाही. उजाडायच्या आत आडोशाला जाऊन यायचं, नाहीतर दिवेलागण झाल्यावर. मधला दिवस तहान मारून काढायचा. धोंडुबाईनं असाच जन्म काढला, सून राणी तसाच काढत होती, आणि धनाजीला दोन लेकरांचा बाप झाल्यावरही याचा पत्ता नव्हता. पुरुषाला सगळं रान मोकळं असतं. त्याला कशाला कळायचं.

त्याला एवढंच वाटलं, की बादली उघडी असते, घाण येते, म्हणून म्हातारी तिथं जायला नको म्हणते आणि म्हणून पीत नाही. मग तो मिरजेकडच्या एका भंगारवाल्याकडं गेला. तिथं मोडीत काढलेली एक व्हॅनिटी गाडी उभी होती. साताऱ्याकडं मालिकांचं शूटिंग चालतं, तिथं नट्यांसाठी असते तसली. त्या गाडीतला संडास अजून धड होता. वर बसायचं भांडं, मागं पाण्याची छोटी टाकी, बटण दाबलं की पाणी सुटायचं, मध्ये सरकती झडप आणि खाली झाकणाचा डबा. झडप लावून डबा अलगद बाहेर काढायचा आणि लांब नेऊन रिकामा करायचा. वास म्हणून नाही.

एक अख्खा दिवस धनाजी ट्रॉलीत पालथा पडून होता. खुर्ची फेकली, फळी कापली, भांडं बोल्टनं आवळलं, सांध्याला रबर घातलं, वरून सिलिकॉन लावलं. राणी पान्हे देत होती. झाल्यावर त्यानं बटण दाबून आईला पाणी दाखवलं. नट्या ज्यावर बसायच्या त्यावर आता माझी आई बसणार, असं चार माणसांत सांगूनही झालं. धोंडुबाईनं बघितलं आणि चांगलं आहे म्हणाली. तिचा चेहरा मात्र काही फुलला नाही. पण तो आपल्याच कौतुकात होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी ट्रॉलीखाली ओल दिसली.

रानाचा मालक लालासाहेब माणूस वाईट नव्हता, पण मेंढरं बसवतानाच त्यानं बजावलं होतं, मेंढरांचं खत हवं, माणसांचं काही माझ्या रानात नको. म्हणून तर धनाजी रोज सकाळी डबा घेऊन ओढ्यापलीकडच्या बाभळींत जायचा आणि पुरून यायचा. आता संडासच गळायला लागला तर मालक वाड्यासकट हाकलील. त्यानं भांडं उचकटलं, रबर बदललं, पुन्हा आवळलं. दुसऱ्या दिवशी ओल होतीच. टाकीची नळी बदलली, तरी ओल. शेवटी टाकी कोरडी ठाक केली. ओल आपली जिथल्या तिथं, म्हातारीच्या अंथरुणाखालच्या अंगाला. संडास तर पलीकडच्या कोपऱ्यात होता. फळीच्या उतारानं पाणी तिकडं वाहतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात त्याचा हात धरणारा वाड्यात कुणी नव्हता.

आई तर दिवसेंदिवस वाळत चालली होती. ओठांना चिरा पडल्या होत्या. पाणी पितेस का विचारलं, की पिते की, म्हणायची. राणी तांब्या भरून द्यायची आणि रिकामा उचलून आणायची. तरी लघवी जळते म्हणून म्हातारी कण्हायची. धनाजीला वाटलं, देव आणि संडास एका छपराखाली आले म्हणून तिच्या मनात काही असेल. त्यानं बिरोबाची टोपली पिकअपच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. देव गेला, ओल राहिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात ते असं.

"आवं, त्यास्नीच इचारा की एकदा," राणी म्हणाली.

"काय इचारायचं? सांगतीया न्हवं, पितीया म्हणून," असं म्हणून त्यानं विषय तोडला. राणीनं ओलीला बोट लावून नाकापाशी नेलं. कसलाच वास नव्हता. कोंबडीची पिलं तर तिथं चोची बुडवत होती. तिनं ते नवऱ्याला सांगितलं, पण त्याला सांधा सापडत नव्हता आणि बायकोचं ऐकायला सवड नव्हती.

दुपारी मेंढरं रानाच्या टोकाला चरत असताना तो पान्हा घेऊन पुन्हा ट्रॉलीखाली शिरला. उताणा होऊन एकेक फळी बोटानं चाचपत म्हातारीच्या अंथरुणाखाली आला. वर राणीची पावलं वाजली. तांब्या ठेवल्याचा आवाज झाला, ती बाहेर गेली. थोडा वेळ काही नाही. मग दोन फळ्यांच्या फटीतून पाण्याची धार आली आणि नेमकी त्याच्या तोंडावर पडली.

तो दचकून बाजूला झाला. ओठावर आलेलं जिभेला लागलं. गोडं पाणी होतं. विहिरीचं, सकाळी त्यानंच आणलेलं. ट्रॉलीच्या दारातून राणीचा आवाज आला, "प्याला का आत्याबाय?" आणि आईचा आवाज आला, "प्याले की गं."

धनाजी तसाच चिखलात पडून राहिला. इतके दिवस आई त्याच्या डोळ्यांदेखत तहानेनं मरत होती, आणि तो वायसर बदलत होता. त्याला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, आणि रागाच्या भरात तो ट्रॉलीत चढला.

"ही काय चालवलंस आये? मरायचं हाय तुला?"

धोंडुबाईनं त्याच्या ओल्या तोंडाकडं बघितलं. तिला सगळं समजलं. धनाजी बोलत सुटला. एवढं भांडं आणलं, एवढी खटपट केली, कशासाठी केली. पाणी पिणार नसशील तर उद्याच दिग्विजयला बोलावतो. मुंबईचं नाव निघताच म्हातारीनं वॉकरची दांडी घट्ट धरली, पण आवाज चढवला नाही.

"मेंढरू व्यालं, की तू वार उगड्या हातानं वडून काडतुयास," ती म्हणाली. "लेंडी वंजळीनं भरतुयास. त्याच हातानं भाकरी खातुयास. मला कवा त्येचं काय वाटलं न्हाई, ती आपलं कामच हाय. पर माजा डबा निताना तू तोंडाला टावेल बांदतुयास."

वास येतो म्हणून, असं धनाजी पुटपुटला.

"बादली हुती तवा यीत हुता. आता झाकाण हाय. तूच सांगत हुतास सगळ्यास्नी, वास न्हाई म्हणून. तरी बांदतुयास रं धना. रोज सकाळी मी खिडकीतनं बगती. टावेल बांदून, मान तिकडं करून, डबा अंगापासनं लांब धरून चाललेला असतुयास. आल्यावर किती येळ हात घासतुयास. जेवडं पाणी मी पिणार, तेवडा तुजा डबा जड. मग घोट गिळत न्हाई."

राणी दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, की मी नेते डबा, मला काही वाटत नाही. म्हातारीनं मान हलवली. सुनेनंही न्यायचा नाही आणि लेकानंही नाही. मी तुमचं केलं ती आईची रीत झाली, म्हणाली, पण मी जिवंत, शहाणी असताना माझी घाण कुणी उचलावी, हे माझ्या मनाला सोसत नाही.

धनाजी खाली बसला. आपण टॉवेल बांधतो हे त्याला माहीत होतं, पण त्याला कुणी बघत असेल हे कधी मनात आलं नव्हतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. उद्यापासून बांधत नाही म्हणावं, तर ते आता किती पोकळ लागेल, हे त्यालाही कळत होतं. त्यानं फक्त विचारलं, "मग काय करू आये?"

इतक्या दिवसांत त्यानं तिला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

तिचं उत्तर तयार होतं. बहुतेक खिडकीत बसून बसून तिनंच ते जुळवलं असावं. भांडं काढून टाक. फळीला भोक राहू दे, वर लाकडी पाट बसव. ट्रॉलीखाली गुडघाभर खड्डा घे. चुलीची राख एका डब्यात माझ्या हाताशी ठेव, झाल्यावर मूठभर मीच टाकत जाईन. वाडा हलला की खड्डा मातीनं बुजवायचा, दुसऱ्या रानात दुसरा. कुणी काही उचलायचं नाही.

"मातीला नाक नसतंय," ती म्हणाली. "पर मालकाला इचार आदी. त्येला मेंढरांचं चालतंय, माजं चालंल का?"

हे विचारायला जाणं धनाजीला डबा नेण्यापेक्षा जड गेलं. लालासाहेब बांधावर पाण्याचा पाइप हलवत उभा होता. धनाजीनं काहीच न लपवता सगळं सांगितलं, टॉवेलसुद्धा. लालासाहेबानं पाइप खाली ठेवला. मग म्हणाला, बांधाच्या कोपऱ्यात ट्रॉली लाव आणि कर खड्डा. पण आमच्या घरात कुणाला बोलू नकोस, कोथिंबीर लावायची आहे तिथं. मान खाली घालून तो पुन्हा पाइपला लागला.

संध्याकाळच्या आत ट्रॉली कोपऱ्यात गेली. बोल्ट काढले, सिलिकॉन खरवडलं, नट्यांचं भांडं उचलून बांधाला टेकवून ठेवलं. खड्डा घेतला. पाट रंधा मारून गुळगुळीत केला आणि भोकावर बसवला. राणीनं राखेचा डबा ठेवला आणि हळूच म्हणाली, की दिवसाच्या वक्ताला मीपण येत जाईन हितं. धनाजीनं तिच्याकडं बघितलं. तिच्याही ओठांना चिरा होत्या, आणि ते त्याला आज दिसत होतं.

धोंडुबाईनं तांब्या हातात घेतला. धनाजी समोरच बसला. ती घोटघोट करत सगळा प्याली आणि रिकामा तांब्या त्याच्यापुढं पालथा धरला. लहान मुलानं औषध पिऊन दाखवावं, तसा. धनाजीनं मान फिरवली.

ती वाचली का, चौथा मजला टळला का, हे एका तांब्यावर ठरत नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई नुसतं बघू म्हणाली. पण त्या दिवसापासून धनाजीला एक खोड लागली. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी तो ट्रॉलीखाली वाकायचा आणि आईच्या अंथरुणाखालच्या मातीवरून तळहात फिरवायचा. आईवर विश्वास नाही असं नव्हतं. खरं तर, नव्हताच. आपल्यामुळं तिला खोटं बोलावं लागलं, हे त्याच्या हाताला विसरता येत नव्हतं.

एका सकाळी तो असाच वाकलेला असताना वरच्या फटीतून आवाज आला.

"कोरडंच हाय रं धना. ऊठ आता."