आधी आंघोळ, मग तक्रार

सयाजीमामा हवालदारांवर रागावलेला माणूस आख्ख्या पेठेत शोधून सापडला नसता. ठाण्यात कुणी रडत आलं की मामा आधी त्याला बाकावर बसवायचे, चहा पाजायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता सांग." नवराबायकोची भांडणं तर कागदावर चढायच्या आतच मिटायची. दोघांना एकाच गाडीवर बसवून घरी धाडलं, की मामांना पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. आपल्यालाही असाच मायाळू पोलीस हवा असतो. म्हणूनच ही गोष्ट तुम्हाआम्हाला सांगायला हवी.

रविवारी सकाळी शांतव्वा ठाण्यात आली. सीमाभागातून येऊन मंगळवार पेठेत खानावळ चालवणारी बाई. मामांनी तिच्या हातच्या भाकरी वर्षानुवर्षं खाल्लेल्या. सोबत तिची दहावीतली दानेश्वरी. या दानेश्वरीला मामांनी लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली. आज ती ओढणीत तोंड खुपसून उभी होती. आदल्या संध्याकाळी शिकवणीच्या सरांनी सगळे गेल्यावर तिला थांबवून घेतलं होतं आणि तिच्यावर जबरदस्ती केली होती. पोर रात्रभर त्याच कपड्यांत गोधडीखाली पडून राहिली आणि उजाडल्यावर आईजवळ बोलली.

"आण्णा, माझ्या लेकराचं वाटोळं केलं हो," एवढंच शांतव्वा बोलू शकली.

मामांचे डोळे भरून आले. त्यांना पोरीचं थरथरणं बघवेना.

"शांतव्वा, आधी तिला घरी ने. ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घाल. ती कापडं टाकून दे, नजरंसमोर नकोत. चार घास खाऊ दे पोरीला. असली तक्रार लिवून घ्यायला बाई अधिकारीच लागती. मॅडम बंदोबस्ताला गेल्यात, दुपारी आल्या की मी निरोप धाडतो."

मायलेकी गेल्या. आपण काहीतरी चांगलं केलं असं मामांना मनापासून वाटलं.

दुपारी फौजदार संयोगिता मॅडम आल्या. मामांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "घरी धाडली बगा. असल्या अवस्थेत हितं चारचौघांत कशी बसवायची?"

"आणि कपडे?"

"टाकून द्या म्हटलं."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

"मामा, एखाद्याच्या घरी चोरी झाली, तर फोनवर तुम्ही पहिल्यांदा काय सांगता?"

"कशाला हात लावू नका म्हणून सांगतो."

"का?"

"ठसं पुसत्यात की."

"म्हणजे कपाटाला जेवढं जपता, तेवढं या पोरीला नाही जपलं तुम्ही."

नियम मामांना ठाऊक नव्हता असं नाही, प्रशिक्षणातही ऐकला होता. पण समोर ओळखीची पोर रडताना नियम आठवला नाही, नुसती माया आठवली.

"तुमची माया खोटी नव्हती, मामा," मॅडम म्हणाल्या. "पण त्या माणसाविरुद्ध जे बोलणार होतं, तेच आपण धुवायला सांगितलं. फायदा कुणाचा झाला? त्याचाच. लेखी घ्यायला मी नव्हते, तर मला फोन करायचा, नाहीतर दुसऱ्या ठाण्याची महिला अधिकारी बोलवायची. पोरीला परत पाठवायचं नाही."

पोर आणखी बिचकायला नको म्हणून मॅडमनी वर्दी उतरवून साधा पंजाबी ड्रेस घातला आणि दोघं निघाली. शांतव्वाच्या बोळात शिरतात तोच समोरून घंटागाडी आली. उंबऱ्याबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी गाठ मारलेली एक प्लॅस्टिकची पिशवी होती आणि गाडीवरच्या माणसाचा हात तिच्याकडे जातही होता. साठीला टेकलेले सयाजीमामा पोट सावरत धावले!

"थांब की लेका! ती पिशवी न्हाय."

"कचराच हाय न्हवं, मामा?"

"कचरा न्हाय त्यो. मागं सर."

पंच येईपर्यंत मामा त्या पिशवीपाशी उन्हात उभे राहिले. तिला त्यांनी स्वतःही हात लावला नाही. मग मॅडमनी हातमोजे घालून, पंचांसमोर कपडे कागदी पाकिटांत घेतले, कारण प्लॅस्टिकमध्ये दमट कपडे कुजतात. पाकिटांवर सह्या झाल्या, मोहोर लागली. कपडे तरी वाचले.

आत दानेश्वरी बसली होती. तिचे केस ओले होते.

शांतव्वाला मॅडमनी हळूहळू समजावलं, तशी तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मीच घातलं की न्हाऊ. माझ्याच हातानं घालवलं सगळं."

"सगळं गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आंघोळ झाली तरी दवाखान्यात जायचंच. तपासायला बाई डॉक्टर असतील, आई शेजारी असेल, आणि दाना, तुला विचारल्याशिवाय तुला कुणी हात लावणार नाही."

दानेश्वरीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मामा, कोर्टात विचारतील न्हवं, आंघोळ का केलीस म्हणून? खोटं बोलती म्हणतील मला."

मामा तिच्यासमोर जमिनीवर बसले. खुर्ची होती, पण त्यांना खुर्चीत बसवेना.

"तुझी चूक न्हाय, बाळा. आईचीबी न्हाय. मी सांगितलं म्हणून झालं हे. कुणीबी इचारलं तरी माझं नाव सांगायचं."

डॉक्टरांना काही सापडलं, काही कायमचं गेलं होतं. संध्याकाळी ठाण्यात नोंदी लिहायची वेळ आली, तेव्हा मामांचा सहकारी विजयसिंह जवळ आला. "मामा, मायलेकी दुपारीच आल्या असं लिवून टाका. सकाळचं कुणाला ठाव हाय? निवृत्ती तोंडावर आल्यावर चौकशी कशाला वडून घेताय?"

तसं लिहिणं सोपं होतं. आपल्याकडे ते लिहिलंही जातं. पण मग उशीर पोरीच्या नावावर चढणार होता, आणि कोर्टात त्याचा जाब तिलाच द्यावा लागणार होता.

"सकाळचंच लिवायचं," मामा म्हणाले. "आल्या हुत्या, मी परत धाडल्या, आंघोळ करा म्हणून मीच सांगितलं. सही माझी."

चौकशी झाली. मामांची वेतनवाढ थांबली, आणि निरोपसमारंभात साहेब त्यांच्याविषयी जरा कमीच बोलले. मामांनी त्याचं वाईट वाटून घेतलं, खोटं कशाला सांगू. तरी खटल्याच्या तारखेला ते साध्या सदऱ्यात कोर्टाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे.

दानेश्वरीची साक्ष बंद दालनात झाली. अपेक्षेप्रमाणे बचावाच्या वकिलांनी तो प्रश्न काढलाच, पण अशा खटल्यात वकिलांनी लेकराला थेट विचारायचं नसतं, म्हणून न्यायाधीशबाईंनी तो मऊ शब्दांत तिला विचारला. "बाळ, तक्रारीआधी आंघोळ का केलीस?"

"पोलिसांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "तसं त्यांनी लिहूनही ठेवलंय. ते बाहेर बसलेत. त्यांना विचारा."

कागद काढला गेला, मामांना आत बोलावलं गेलं. त्यानंतर तो प्रश्न पोरीला पुन्हा कुणी विचारला नाही. सरांना शिक्षा झाली.

वाचकहो, असा प्रसंग कुणाच्या घरावर येऊ नये. आलाच, तर आंघोळीची, कपडे धुण्याची, टाकण्याची घाई करू नका. कपडे कागदात ठेवा, आणि लगेच दवाखान्यात आणि पोलिसांकडे जा. आंघोळ झाली असेल तरी जा, दिवस उलटले असतील तरी जा. आणि वर्दीतल्या भावाबहिणींनो, पोरीला जवळ घ्या, पाणी द्या, पण परत पाठवू नका. चूक झालीच, तर ती आपल्या नावावर लिहा, पोरीच्या माथी मारू नका. लेकरावर माया करायची तर एवढी तरी करावीच लागते.