बारा बोल्टांचा रविवार

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या ट्रान्सपोर्ट यार्डात बत्तीस ट्रेलर होते, आणि एवढ्या ट्रेलरांचा भार ज्या बोल्टांवर होता ते बहुतेक नरहरी फिटरच्या हातचे होते. ट्रेलरचं पुढचं इंजिन, ज्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात, त्याच्या पाठीवर एक जाड लोखंडी तवा असतो. मागचा लांबलचक ट्रेलर त्या तव्यावर टेकतो आणि त्याच्याच आधारानं वळतो. तवा घोड्याला धरून ठेवतात ते बारा बोल्ट. हे ढिले झाले तर तीस टन सळ्या घेऊन मागचं धूड कुठं जाईल, हे सांगायला पुढचा माणूस उरत नाही.

म्हणून यार्डात नियम होता. नवे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचे. हा पाना शहाणा असतो, हवा तेवढा जोर लागला की टक् वाजतो, म्हणजे बास. मग नट आणि तव्यावरून एक पांढरी रेघ ओढायची. नट सरकला की रेघ तुटते. पहिल्या खेपेनंतर एकदा तपासायचं आणि मग महिन्यातून एकदा. आणखी एक नियम नरहरीनं स्वतः घातला होता, वीस वर्षांपूर्वी: ड्रायव्हर समोर उभा असल्याशिवाय बोल्टाला हात लावायचा नाही. ज्याचा जीव टांगणीला, त्यानं बघितलं पाहिजे. नियम चांगलाच होता. पुढं त्याचं काय झालं त्याला नियम तरी काय करणार?

नरहरी एकसष्ट वर्षांचा. वडील रेल्वेत होते म्हणून वर्ध्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, रमा. मुलगी यामिनी नवा रायपूरला मंत्रालयात नोकरीला, नवऱ्यासोबत तिकडेच सेक्टरमध्ये राहायची. रस्ते असे रुंद की पलीकडचं माणूस ओळखू येऊ नये, आणि बसची वाट बघत उभं राहिलं तर दुपार टळते. नरहरी दोनदा गेला. मुलगी प्रेमाची होती, पण तो मराठीत बोलला की ती हिंदीत उत्तर द्यायची. "पापा, यहीं रह जाओ ना." हा म्हणायचा, "यार्ड कोन पाहीन माय?" यार्डाला पाहणारे दुसरे दोन फिटर होते, हे तिलाही ठाऊक होतं.

रमा होती तोवर घरात मराठी होती. ती गेली आणि यार्डाजवळच्या बिरगावातल्या त्याच्या दोन खोल्यांत भांडं पडल्याचासुद्धा आवाज होईना, कारण भांडं पाडायला दुसरं कोणी नव्हतं. यार्डात सगळा कारभार हिंदी नाहीतर छत्तीसगढी. लोक वाईट नव्हते. पण नरहरीला एकटं वाटायचं, साधं सरळ एकटं, आणि ते सांगायचं कसं हे त्याला जन्मात कोणी शिकवलं नव्हतं.

मग लहानू आला. मूळचा गोंदियाकडचा, आता बायको-पोरीसोबत बिरगावातच राहणारा, पस्तिशीतला, अंगानं दणकट आणि बोलायला मोकळा. दर सोमवारी पहाटे सळ्या घेऊन जगदलपूरला निघायचा, केशकालचा घाट चढून-उतरून शनिवारी परत. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "नरहरीकाका, तुमी वर्ध्याचे? मायी मावशी हाय ना वर्ध्याले!" बस, एवढ्यावरच नरहरी विरघळला.

चैत्रात लहानूच्या घोड्याला नवे बोल्ट बसले. पहिल्या खेपेनंतर रविवारी तो तपासणीला आला. टॉर्क पाना बारा वेळा टकटकला, दोन मिनिटांत काम आटोपलं. लहानूनं चहा घेतला, मावशीच्या दोन गोष्टी सांगितल्या आणि निघाला. जाताना म्हणाला, "आता महिन्यानं ना काका?"

आणि नरहरीच्या तोंडून निघून गेलं, "नाही रे. तुया गाडीचे बोल्ट नाठाळ दिसून राहिले मले. घाटातली गाडी हाय. दर रविवारी ये."

एवढंच खोटं. पण खोट्याला खायला घालावं लागतं. पुढच्या रविवारी लहानू आला तेव्हा बोल्ट जागच्या जागी होते. टॉर्क पाना लावला असता तर लगेच टक् वाजून त्यानं नरहरीची लबाडी चव्हाट्यावर आणली असती. म्हणून नरहरीनं तो पेटीतच ठेवला, साध्या पान्याला हातभर पाईप लावला आणि नट थोडा आणखी आवळला. रेघ तुटली. "पाह्य, केवढं सरकलं," तो म्हणाला. नट ढिल्या बाजूला सरकला की घट्ट बाजूला, हे ओळखायला फिटरचा डोळा लागतो. लहानूचा डोळा ड्रायव्हरचा. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "बाप रे! बरं झालं आलो."

जुनी रेघ पुसायची, नवी ओढायची, सोबत तास-दीड तास गप्पा. चहा, भजी, गोंदियाच्या भातापासून मावशीच्या गुडघ्यापर्यंत सगळे विषय. असे पंधरा-सोळा रविवार गेले. नरहरी शनिवारी संध्याकाळी दाढी करू लागला. यार्डातले हसायचे, काकाला कुठं लग्नाला जायचंय का म्हणून. हा हसण्यावारी न्यायचा. आठवड्याचे सहा दिवस तो कसेबसे ढकलायचा आणि सातव्या दिवशी माणसात यायचा. आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं नाही. तीस वर्षं जो माणूस नव्या पोरांना ओरडला की जास्त आवळणं हेसुद्धा ढिलं ठेवण्याइतकंच वाईट, तो स्वतःला सांगायचा, थोडंच तर आवळतोय.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी लहानू नेहमीसारखा मोटारसायकलवर आला. ट्रेलर भरून उभा होता, दुसऱ्या दिवशी निघायचा. नरहरीनं पाईप लावलेला पाना चौथ्या नटावर टाकला, जोर दिला, आणि नट लोण्यात सुरी जावी तसा फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला. आवळत काहीच नव्हता. 

त्यानं तो बोल्ट काढला. नवा नट घेऊन हातानं वर चढवू लागला. अर्ध्यावर जाऊन नट अडकला, कारण आटे ताणून लांब झाले होते आणि मधेच बोल्टाची कंबर बारीक झाली होती. दुसरा काढला, तोही तसाच. तिसरा तसाच. असे बोल्ट वरून घट्ट दिसतात आणि एखाद्या वळणावर एकामागून एक तुटतात. केशकालला अशी बारा वळणं आहेत. पंधरा सोमवार हा माणूस ह्या बोल्टांवर घाट चढला होता.

"काय झालं काका?" लहानूनं वाकून पाहिलं. "मालच खराब आला काय?"

किती सोपं होतं! खराब माल. स्टोअरमधून नवे बारा बोल्ट मिळाले असते, मालकानं पुरवठादाराला शिव्या घातल्या असत्या, आणि पुढचा रविवार, त्याच्या पुढचाही, शाबूत राहिला असता. नरहरीनं तोंड उघडलं ते "हव" म्हणायलाच. पण समोर लहानूचा चेहरा होता, भाबडा, काळजीनं भरलेला, आणि त्या चेहऱ्यावर नरहरीबद्दल इतका विश्वास की नरहरीला स्वतःची शिसारी आली. शिवाय त्याला आपला हात ठाऊक झाला होता. हा हात नवे बोल्टही पिळणार, हे त्याला पक्कं कळून चुकलं.

"माल चांगला हाय," तो म्हणाला. "म्या खराब केला."

"मंजे?"

"बोल्ट कधीच ढिले नव्हते रे. एकबी नाही. म्या पाईप लावून जास्त आवळत होतो, रेघ तोडत होतो, अन् तुले ढिले म्हनून दाखवत होतो. तू यावं म्हनून." एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. "दुसरं काही कारन नाही."

 लहानूनं तो ताणलेला बोल्ट उचलला, बोटानं बारीक झालेली जागा चाचपली आणि खाली ठेवून दिला. ट्रेलर सोडवून घोडा पुढं घेतला. नरहरीनं स्टोअरमधून नवे बोल्ट आणले, बाराही बदलले, टॉर्क पान्यानं बरोबर आवळले, रेघा ओढल्या. दीड तास लागला. एरवी दीड तासात किती बोलणं व्हायचं. आज फक्त टक्, टक् ऐकू येत होतं. लहानू नियमाप्रमाणे समोर उभा होता आणि प्रत्येक टक् मोजत होता.

काम संपलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं. आवाज चढलेला नव्हता, तेच नरहरीला सोसेना.

"काका, हप्त्यात एकच दिवस घरी असतो मी. रविवारी पोट्टी दारात बसून राहते, बाबा येईन मंग जेवू म्हनून. मी बायकोले म्हनायचो, बोल्ट ढिले होऊन राहिले, जीव हाय तर जेवन हाय. ती म्हने, एवढी काळजी करते तो काका, एखाद्या रविवारी त्याइले जेवाले तर आना. दोनदा म्हनली. मी म्हनलं, त्याइले यार्डातून फुरसत कुठी हाय." तो थांबला. "एकटं वाटते, असं एकडाव सांगाचं होतं ना मले. दर रविवारी घरी नेलं असतं. बोल्ट काहून पिळले?"

नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. साठी उलटलेला माणूस भर यार्डात रडतो हे बरं दिसत नाही, पण ते थांबेना. गेले पंधरा रविवार बिरगावातच, त्याच्या खोलीपासून चार गल्ल्या पलीकडे, एक पाट त्याच्यासाठी मांडायला कोणी तयार होतं. आणि तो इथं बसून लोखंड पिळत होता.

लहानूनं मोटारसायकलला किक मारली. नरहरी दोन पावलं पुढं गेला. "लहानू," तो म्हणाला, "मंग आता..." पुढचं त्याला म्हणवेना.

"पुढच्या रविवारी पयल्या खेपेची तपासनी हाय ना?" लहानूनं विचारलं. तो समोर, फाटकाकडे बघत होता.

"हाय. ती खरीच हाय."

"येतो. नियम हाय तर येतो. टॉर्क पान्यानंच करा, काका. दोन मिन्टाचं काम हाय, मोटारसायकल बंद नाही करत मी."

"हव," नरहरी म्हणाला.